कितव्यांदा?

मनोविकारतज्ज्ञाच्या दवाखान्यात केसपेपर भरताना एक प्रश्न हमखास येतो. नाव, वय, झोप, भूक, घरात कुणाला असं काही होतं का, हे सगळं विचारून झालं की डॉक्टर पेन जरा थांबवतात आणि विचारतात, "यापूर्वी असं कधी झालं होतं?" पहिल्यांदा आलेला माणूस या प्रश्नाने गोंधळतो. असं पूर्वी झालं असतं तर आपण वाचलोच कसे असतो, असं त्याच्या मनात येतं. दुसऱ्यांदा आलेला मान खाली घालून "हो" म्हणतो. तिसऱ्यांदा आलेल्याला विचारावं लागत नाही, तो आपणहून सांगतो, साल-महिन्यासकट. या तिन्ही जागी मी बसले आहे. सदाशिव पेठेतला तोच लाकडी जिना, तेच बाकडं, समोर तेच कॅलेंडर, फक्त वर्ष बदललेलं. तरी तिन्ही वेळा तिथे बसलेल्या बाईचा आजार एकच होता का, याबद्दल मला शंका आहे. आणि गंमत अशी, की ही शंका मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांनाही आहे.

पहिल्या वेळी मला कारण होतं. वडील गेले होते. दुखणं लांबलेलं, शेवट दिसत होता, तरी गेले ते गेलेच. दिवसवार झाले, माणसं आली-गेली, प्रत्येकाचं दुःख आपापल्या कामाला लागलं. माझं घरातच बसून राहिलं. पहाटे तीनला जाग यायची ती उजाडेपर्यंत. आंघोळीचं काढलेलं पाणी गार होऊन जायचं. पोळीचा घास तोंडात फिरत राहायचा. पण तेव्हा माझ्याभोवती माणसांचं कडं होतं. शेजारच्या काकू न सांगता वरणफळांचा डबा ओट्यावर ठेवून जायच्या. मी ज्या कॉलेजच्या ग्रंथालयात होते तिथल्या बायकांनी माझे काउंटरचे तास आपसात वाटून घेतले. बाप गेल्यावर मुलगी खचते, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ताई मला दवाखान्यात घेऊन गेली, गोळ्या सुरू झाल्या, त्यालाही कुणी नाक मुरडलं नाही.

दुसऱ्यांदा झालं तेव्हा मुलगी शिकायला बंगळूरला गेली होती. कारण होतं, पण तोकडं. "अगं, सगळ्यांच्याच मुली जातात," ताई म्हणाली, आणि ते खरंच होतं. या वेळी डबे आले नाहीत.

तिसऱ्यांदा काहीच झालं नव्हतं. डिसेंबर होता. पुण्याची हवा वर्षातले जेवढे दिवस कौतुकाला पात्र असते, त्यांतले ते दिवस. सवाईची तिकिटं काढून ठेवलेली, घरात सगळे धडधाकट, निवृत्त होऊन मला हवा तेवढा वेळ. रोज सकाळी पेपर आला की मी चहाबरोबर शब्दकोडं सोडवते. पेन्सिलीने नाही, पेनने. एवढा एक माज मी बाळगून आहे. त्या दिवशी आडव्या शब्दांत होतं: नदीचा काठ, दोन अक्षरं. उत्तर मला येत होतं. तीर लिहावं की तट, ते उभ्या शब्दावरून ठरलं असतं. पण चौकोनापर्यंत पेन न्यायचं ते कशासाठी, हे मला कळेना. चहावर साय धरली. मी पेपर घडी करून रद्दीत ठेवला. नंतर कधीतरी रद्दी बांधताना नवऱ्याला एकाखाली एक कोरी कोडी सापडली.

"सोडवत नाहीयेस?" त्याने विचारलं.

"नाही."

तो आणखी काही बोलला नाही. संध्याकाळी ताईचा फोन आला. "अगं, पण आता काय झालं?"

काही झालं नव्हतं. हेच खरं उत्तर होतं आणि तेच कुणाला पटत नव्हतं, मलासुद्धा. रात्री पडल्यापडल्या मी कारणं जुळवत बसायची. नोकरी संपली म्हणून असेल. मुलगी फोन कमी करते म्हणून असेल. समोरचा गुलमोहर तोडला म्हणून असेल. एखादं कारण जरा बसल्यासारखं वाटलं की तेवढ्यापुरती लाज कमी व्हायची. नैराश्यात दुःखापेक्षा लाज जास्त असते, निदान दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला.

बरी झाल्यावर मी ग्रंथपालाच्या सवयीने वाचायला घेतलं. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन याचं या आजारावरचं पुस्तक १९२१ मध्ये इंग्रजीत आलं. त्यात एका बाईची नोंद आहे. ती तीनदा आजारी पडली. पहिल्यांदा नवरा वारला तेव्हा, दुसऱ्यांदा कुत्रा मेला तेव्हा, तिसऱ्यांदा पाळलेलं कबूतर मेलं तेव्हा. मला आधी हसू आलं. कबुतरांपायी बाल्कनीला जाळ्या ठोकून घेणाऱ्या पुण्यात कबुतराच्या मरणाने कुणी अंथरूण धरेल, ही कल्पनाच अवघड. मग हसू ओसरलं. नवरा, कुत्रा, कबूतर. वडील, बंगळूर, डिसेंबर. उतरंड तीच होती. त्या बाईच्या तिसऱ्या खेपेला शेजारीपाजारी काय म्हणाले असतील, हे क्रेपेलिनने लिहिलेलं नाही. मी ते अंदाजाने सांगू शकते.

या उतरंडीला पुढे एक उपपत्ती मिळाली. १९६०च्या दशकात ग्रॅहॅम गोडार्ड या शास्त्रज्ञाला उंदरांवरच्या प्रयोगात एक विचित्र गोष्ट दिसली. मेंदूच्या एका जागी रोज अगदी सौम्य वीज दिली, तर सुरुवातीला काहीच होत नाही. तीच मात्रा तशीच देत राहिलं की एक दिवस उंदराला फेफरं येतं, मग दर वेळी येतं, आणि फार चालू ठेवलं तर वीज न देताही येऊ लागतं. रॉबर्ट पोस्ट या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९९२ मध्ये हाच धागा मनाच्या आजारांना लावून पाहिला. पहिल्या नैराश्याला मोठा आघात लागतो. पण प्रत्येक खेप मेंदूत काही मागे ठेवून जाते, त्यामुळे पुढच्या खेपेला कमी पुरतं, आणि पुढे पुढे काहीच लागत नाही.

पुणेकराला हे समजायला उंदीर नकोत. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं आणि मुठा नदी पेठांमध्ये शिरली. आमच्या घरात अजूनही वस्तूंचं वय "पुराच्या आधीची" आणि "पुरानंतरची" असं सांगतात. आता दर पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग वाढवला की बाबा भिडे पूल पाण्याखाली जातो. नदीपात्रातल्या गाड्या हलवा म्हणून सूचना निघते, पेपरात फोटो येतो, संपलं. त्या पुलाला बुडायला धरण फुटावं लागत नाही. पहिलं नैराश्य पानशेतचं, पुढची भिडे पुलाची.

हा दाखला मी बरेच दिवस मिरवला. नंतर लक्षात आलं, की तो एका जागी जुळत नाही, आणि तीच जागा जास्त कामाची आहे. भिडे पूल काही पानशेतच्या लोंढ्याने खचून बुटका झालेला नाही. तो बांधलाच बुटका. केनेथ केंडलर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या व्हर्जिनियात जुळ्या बहिणींचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २००० साली त्यांनी दाखवलं, की आयुष्यातला आघात आणि नैराश्य यांचं नातं प्रत्येक खेपेगणिक सैल होत जातं. पोस्टचं म्हणणं बरोबर निघालं. पण पुढच्याच वर्षी त्यांनी आणखी एक गोष्ट मांडली: ज्यांच्या रक्तातच हा आजार आहे, त्यांच्या बाबतीत ते नातं सुरुवातीपासूनच सैल असतं. म्हणजे काहींचा पूल लोंढ्यांनी खचतो आणि काहींचा मुळातच खाली असतो. माझी आजी वर्षातून काही महिने माजघरात पडून असायची. त्याला घरात "आजीचं अंथरूण" म्हणत. आईच्या बोलण्यात ते पापड-कुरडयांच्या हंगामासारखं यायचं. केसपेपरवरच्या त्या प्रश्नाला, घरात कुणाला असं होतं का, मी पहिल्या वेळी "नाही" असं उत्तर दिलं होतं. आजीच्या अंथरुणाला आजार म्हणतात हे आमच्या घरात कुणाला ठाऊकच नव्हतं.

आता मेंदूकडे. आधी एक सांगून ठेवते: नैराश्य आहे की नाही हे मेंदूचा फोटो काढून ठरवत नाहीत, पुण्यात नाही आणि कुठेच नाही. डॉक्टर एमआरआय करायला सांगतात ते दुसरं काही नाही ना, हे बघायला. संशोधनासाठी जो एमआरआय करतात तो वेगळा. त्यात मेंदूच्या कुठल्या भागात रक्तातला प्राणवायू केव्हा वाढतो-घटतो याचा माग ठेवतात, आणि त्यावरून कोणकोणते भाग एका लयीत चालतात ते काढतात. गंमत म्हणजे यंत्रात आडवं केलेल्या माणसाला कित्येकदा कामही काही देत नाहीत. स्वस्थ पडा, झोपू नका, एवढंच.

स्वस्थ पडलेला मेंदू स्वस्थ नसतो. वजनाने शरीराच्या दोन टक्के, पण ऊर्जा वीस टक्के खाणारा हा अवयव आपण रिकामे बसलो तरी खर्च फारसा कमी करत नाही. मार्कस रेकल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवलं, की आपण बाहेरचं काम हाती घेतलं की मेंदूचे काही ठरावीक भाग मंदावतात, आणि काम सोडलं की पुन्हा सुरू होतात. कपाळामागे मधोमध एक, डोक्याच्या मागच्या बाजूला आत मधोमध एक, असे. त्यांना डिफॉल्ट मोड नेटवर्क हे नाव पडलं. रिकाम्या वेळी आपण काय करतो? मी तेव्हा तसं का बोलले, ती माझ्याकडे बघून का हसली, उद्या काय होईल, म्हातारपणी कोण बघेल. ही सगळी "मी"ची उलाढाल या जाळ्यात चालते. नैराश्यात दळण नेमकं याच जात्यावर असतं, त्यामुळे संशोधकांनी तिथेच शोधायला सुरुवात केली, यात नवल नाही. बऱ्याच अभ्यासांत हे भाग एकमेकांशी नेहमीपेक्षा जास्त जोडलेले दिसलेही. मला ते ताबडतोब पटलं. रवंथ करणाऱ्या मनाचा मेंदू असाच असणार.

मग २०१९ मध्ये चीनमधल्या २५ संशोधक गटांनी आपापली माहिती एकत्र केली. १,३०० रुग्ण, १,१२८ निरोगी माणसं. यान चाओ-गान या संशोधकाच्या नेतृत्वाखालच्या या कामात उलटंच निघालं: या जाळ्यातली जोडणी रुग्णांमध्ये कमी होती. आणि तीही सगळ्या रुग्णांमध्ये नाही. ज्यांना नैराश्य पुन्हा पुन्हा आलं होतं, त्यांच्यातच. जे पहिल्यांदाच आजारी पडले होते आणि ज्यांनी अजून एकही गोळी घेतली नव्हती, त्यांचं हे जाळं निरोगी माणसांपेक्षा वेगळं दिसेना. दुःख तेवढंच, झोप तितकीच मोडलेली, पोळीचा घास तसाच फिरणारा. पण यंत्राला पहिल्या खेपेची बाई त्या जागी ओळखू आली नाही.

हे वाचून मी पुस्तक मिटून खिडकीशी जाऊन उभी राहिले, असं लिहायला बरं वाटलं असतं. खरं तर मी लगेच खुसपट काढलं. पुन्हा पुन्हा आजारी पडणाऱ्यांनी गोळ्याही घेतलेल्या असणार, मग फरक आजाराचा की गोळ्यांचा? संशोधकांनी हा प्रश्न स्वतःच विचारला होता. त्यांना जोडणी कमी होण्याचा संबंध औषधांशी सापडला, आजार किती महिने आहे याच्याशी सापडला नाही. म्हणजे गाठ पूर्ण सुटलेली नाही. आणि औषधाने जोडणी कमी होत असेल, तर ते वाईटच, असंही धरून चालता येत नाही. फार जोराने फिरणारं जातं सैल करणं हेच कदाचित औषधाचं काम असेल.

हिप्पोकॅम्पसची गोष्टही अशीच. आठवणी घडवणारा, कानशिलाच्या आत खोल असलेला हा भाग पुनःपुन्हा नैराश्य आलेल्या बायकांमध्ये लहान असतो, असं इव्हेट शेलाइन यांनी १९९६ मध्ये मांडलं. त्यांच्याकडे रुग्ण होत्या अवघ्या १०. वीसेक वर्षांनी अनेक देशांच्या संशोधकांनी मिळून १,७२८ रुग्ण आणि ७,१९९ निरोगी माणसं तपासली. फरक निघाला, सरासरीने सव्वा टक्क्याच्या आसपास, आणि तो मुख्यतः पुनःपुन्हा आजारी पडणाऱ्यांमुळे आणि लहान वयात आजार सुरू झालेल्यांमुळे होता. पहिल्या खेपेला जवळजवळ नाहीच. सव्वा टक्का म्हणजे किती थोडं, हे लक्षात ठेवलेलं बरं. रुग्णाचा फोटो आणि निरोग्याचा फोटो शेजारी ठेवले तर तज्ज्ञालाही ओळखता यायचे नाहीत. मला यातून माझ्या मेंदूची भीती वाटली नाही. "कितव्यांदा?" हा प्रश्न केसपेपरवर उगाच नसतो, एवढं मात्र समजलं.

तो उगाच नाही याचा सगळ्यात ठसठशीत पुरावा मला मेंदूच्या फोटोंपेक्षा एका साध्या उपचारात सापडला. जॉन टीसडेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बऱ्या झालेल्या १४५ जणांवर ध्यानावर बेतलेल्या एका उपचाराची चाचणी घेतली, तीही २००० सालचीच. आपल्याकडे इगतपुरीला धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यना शिकवतात. हा उपचार त्याच बौद्ध परंपरेतून घेतलेला, पण दवाखान्याच्या बेताने सौम्य केलेला. ज्यांना तीन किंवा अधिक वेळा नैराश्य येऊन गेलं होतं, त्यांच्यात आजार पुन्हा उलटण्याचं प्रमाण ६६ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर आलं. ज्यांना दोनदाच येऊन गेलं होतं, त्यांना काही फायदा झाला नाही. उपचार तोच, शिकवणारे तेच. टीसडेलचं म्हणणं असं, की वारंवार आजारी पडलेल्याच्या मनात साधी उदासीसुद्धा जुनी सगळी मालिका सुरू करते: उदास वाटलं, म्हणजे मी अशीच, म्हणजे कधी बरी होणारच नाही. ध्यान त्या पहिल्या पायरीवर थांबायला शिकवतं. ज्याच्या मनात ती मालिका अजून तयारच झालेली नाही, त्याला थांबायला पायरी कुठली?

आता यातली उफराटी गोष्ट अशी, की समाजाची माया नेमकी उलट चालते. पहिल्यांदा नैराश्य आलेल्यांपैकी साधारण निम्म्यांना ते पुन्हा येतं, आणि प्रत्येक खेपेनंतर पुढच्या खेपेची शक्यता वाढत जाते. म्हणून पहिल्या खेपेत बरं वाटल्यावरही डॉक्टर सहा-नऊ महिने गोळ्या चालू ठेवतात, आणि वारंवार येत असेल तर दोन वर्षं, कधी त्याहून जास्त. काळजी वाढत जायला हवी. पण डबे पहिल्यांदाच येतात. दुसऱ्यांदा सल्ले येतात, तिसऱ्यांदा उसासे. "गोळ्यांची सवय लागेल", "मन खंबीर कर", "सगळं आहे की तुझ्याकडे". ही माणसं दुष्ट नसतात. त्यांना दुःखाची पावती हवी असते, आणि भिडे पुलाच्या पुराला पावती नसते.

पुण्यात एका माणसाने हे ओळखलं होतं असं मला वाटतं, आणि ती डॉक्टर नव्हती. सुमित्रा भावे. समाजकार्य शिकलेल्या, शिकवलेल्या या बाई सुनील सुकथनकर यांच्याबरोबर सिनेमे करू लागल्या आणि मनाचे आजार त्यांच्या पडद्यावर पुन्हा पुन्हा आले. 'देवराई'त स्किझोफ्रेनिया, 'अस्तु'त स्मृतिभ्रंश, 'कासव'मध्ये नैराश्य. 'कासव'ला ६४ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळालं, २०१७ मध्ये. निर्मितीत डॉ. मोहन आगाशे होते. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी मनोविकारशास्त्र शिकवलं, १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर तिथल्या लोकांच्या मनावर काय परिणाम झाला याच्या मोठ्या अभ्यासाचं नेतृत्व केलं. या सिनेमात ते कासवांची अंडी जपणारे दत्ताभाऊ आहेत, डॉक्टर नाहीत. मला ही खोडी फार आवडते.

'कासव'मध्ये दोन आजारी माणसं आहेत. आलोक राजवाडेचा मानव, जीव द्यायला निघालेला तरुण. आणि इरावती हर्षेची जानकी, जिने स्वतः हे भोगलंय आणि जिच्यावर अजूनही त्याची टांगती तलवार आहे. रस्त्यात भेटलेल्या त्या आजारी मुलाला ती कोकणात घेऊन जाते. त्याचा छडा लावत बसत नाही. त्याला खायला मिळतं, झोपायला मिळतं, दार उघडं असतं. पहिल्यांदा बघताना मला वाटलं, हिला चांगुलपणामुळे विचारायचं नाही. तिसऱ्या खेपेच्या त्या डिसेंबरनंतर पाहिला तेव्हा वाटलं, हिला माहीत आहे की विचारून काही सापडत नाही. भोगलेल्या माणसाला भोगणारा दिसतो, त्याला पुरावा लागत नाही. यंत्राला जे ओळखता आलं नाही ते जानकीला एका नजरेत कळतं. सुमित्राताई २०२१ मध्ये गेल्या. त्यांनी मेंदूचे हे निबंध वाचले होते की नाही कोण जाणे. त्यांना गरज होती असंही नाही.

बरं होण्याबद्दलही सिनेमे आणि माणसं एक चूक करतात. उतार पडला की हसू येतं, फुलं दिसतात, गाणं ऐकू येतं, असं दाखवतात. माझं तरी तसं होत नाही. आधी वैताग परत येतो. आजारात काहीच लागत नसतं, कुणी गाडी आडवी लावली काय, कुणी कचरा टाकला काय. ते लागायला लागलं की समजावं. त्या डिसेंबरनंतर, फेब्रुवारीच्या आसपास, आमच्या सोसायटीची सभा होती. पाहुण्यांच्या पार्किंगच्या जागा सेक्रेटरींनी परस्पर दोन घरांना देऊन टाकल्या होत्या. मी उपविधींचं पुस्तक घेऊन उभी राहिले आणि पाऊण तास खाली बसले नाही. मागच्या रांगेतून नवऱ्याने ताईला मेसेज केला असणार, कारण घरी येऊन चपला काढते न काढते तोच तिचा फोन.

"भांडलीस म्हणे."

"हो."

"जिंकलीस?"

"नाही. पुढच्या सभेत घेऊ म्हणाले."

"झोप?"

"पाचपर्यंत लागते आता."

"गोळी बंद नाही ना केलीस?"

"नाही."

"बरं," ताई म्हणाली. मग तिने खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "आता मला पहिल्यापासून सांग, त्या पार्किंगचं नक्की काय झालं?"